अडलेली झडप

नागपुरास एका गृहसंकुलाच्या व्यवस्थापक मंडळावर माझा भाचा आहे. तेथील पोहण्याच्या हौदाचें पाणी गाळणाऱ्या यंत्राची झडप अडून बसली. मूठ कांहीं केल्या फिरेना. त्यानें मला विचारलें, "मामा, आतां काय करावें?" प्रथम मला हसूं आलें. माझें सारें आयुष्य चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांत प्राथमिक शाळेच्या मुलांना पाढे शिकविण्यांत गेलें. असला हौद मीं दुरूनच पाहिलेला. पण तलाव मला ठाऊक आहेत, आणि अडलेली झडप काय करूं शकते हेंहि मीं एकदां पाहिलें आहे. तेंच आज श्रोत्यांपुढें सांगावें म्हणतों.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुने तलाव हजारोंनीं आहेत. गोंड राजांच्या अमदानींत तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन मिळत असे, आणि कोहळी समाजानें या विद्येंत मोठें नांव मिळविलें. पुढें हे तलाव मालगुजारांच्या हातीं आले. 1951 मध्यें मालगुजारी रद्द झाल्यावर ते सरकारकडे गेले, व माजी मालगुजारी या लांब नांवाचें लोकांनीं 'मामा तलाव' असें सुटसुटीत रूप केलें. हा मामा भाच्यांच्या ताटांत भात वाढतो, असें मी वर्गांत सांगत असें. तलावाला मातीची पाळ असते, जादा पाणी निघून जाण्यास सलंग असते, आणि शेतांत पाणी सोडण्यास तुडूम असतें. आपली गोष्ट या तुडुमाची आहे.

मी होतों त्या गांवीं जुनें तुडूम जाऊन त्या जागीं लोखंडी झडप बसविलेली होती. उभा दांडा, त्यावर आटे, माथ्यावर फिरवावयाचें चाक, असा तो सरंजाम. एका वर्षीं आश्विनांत पाऊस एकाएकीं थांबला. धान गर्भावर आलेलें, बांध्यांतील जमिनीस भेगा पडूं लागलेल्या, आणि पाळीच्या अलीकडे तलाव तुडुंब भरलेला. झडप उघडावयास गेले तों चाक हलेना. चार तरुणांनीं चाकांत लांब पहार घालून जोर केला. कट्‌ असा आवाज झाला आणि चाक एकदम हलकें फिरूं लागलें. क्षणभर सर्वांना आनंद झाला. पण पाणी येईना. दांडा ज्या पितळी नटांतून वर चढतो त्याचे आटेच सोलून निघाले होते. चाक फिरत राहिलें, झडप जागची हलली नाहीं.

तिला कोणत्या बळानें धरून ठेवलें होतें, हें मीं दुसऱ्या दिवशीं मुलांकडून फळ्यावर काढविलें. झडप 45 सेंटिमीटर लांबीरुंदीची. तिच्यावर तीन मीटर पाणी. एका चौरस मीटरवर तीन मीटर उंचीच्या पाण्याचें वजन 3000 किलो. तेव्हां एवढ्याशा झडपेवर सुमारें 600 किलो, म्हणजे सहा क्विंटल धानाचा भार आडवा रेलून बसलेला. त्या भारानें झडप आपल्या चौकटीवर दाबली जाते. गंजलेल्या लोखंडाचें घर्षण दाबाच्या निम्मे धरलें, तरी तिला नुसती सरकविण्यासच 300 किलोंचें बळ हवें. त्यांत तळाशीं सांचलेला गाळ आणि वर्षभर न फिरविलेल्या आट्यांवरचा गंज मिळवा. मुलें गप्प झाली. त्यांतल्या पुष्कळांचीं शेतें त्याच तलावाखालीं होतीं.

येथें जुन्या तुडुमाची मला फार आठवण झाली. त्यांत एक मोठी झडप नसे. खालींवर पायरीपायरीनें भोंकें असत व प्रत्येकास लांकडी गुडदी. पाणी हवें असलें म्हणजे आधीं सर्वांत वरची गुडदी काढावयाची, पाणी उतरलें म्हणजे तिच्या खालची. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या भोंकावर अर्धा मीटर पाणी असलें तर गुडदीवर भार येतो अवघा नऊ किलोंचा! तेंच भोंक तीन मीटर खोल असतें तर 53 किलोंचा. एकाच माणसाच्या हातांनीं सारा तलाव मोकळा व्हावा, अशी ती योजना होती. लोखंडी झडप वाईट असें मी म्हणत नाहीं. ती कमी गळते, आणि पाणी मोजून सोडतां येतें. पण तिला तेलपाणी लागतें, आणि तलाव कोणाचाच उरला नाहीं म्हणजे तेलाची कुपीहि कोणाचीच उरत नाहीं.

गांवांत एक वृद्ध शेतकरी होते. ते म्हणाले, "गुरुजी, पोरांनीं उघडण्याचीच घाई केली. आधीं जराशी बंद करून पाहावयाची होती." हें बोलणें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. अडलेली झडप ज्या दिशेनें न्यावयाची तिच्या उलट अंगास प्रथम चाकाचा चतुर्थांश फेरा, मग परत, मग थोडा अधिक, अशी मागेंपुढें डोलवली म्हणजे गंजाचे पापुद्रे सुटतात आणि अडकलेला गाळ वाट देतो. त्याआधीं आटे तारेच्या ब्रशानें घासून त्यांवर तेल सोडावें व एक रात्र मुरूं द्यावें. बांबूनें झडपेपुढील काडीकचरा ढवळून काढावा. चाकाला पहार लावूंच नये. हातानें फिरत नाहीं, याचा अर्थच असा कीं अडचण दुसरीकडे आहे.

पण आमची वेळ निघून गेली होती. त्या रात्रीं कोणीतरी पाळ फोडण्याची गोष्ट काढली. मातीच्या पाळीस एकदां वाट दिली कीं पाणी स्वतःच ती रुंद करीत जातें, आणि मग धानासकट खालचीं घरेंहि जातात. त्या वृद्ध गृहस्थांनीं हें निक्षून सांगितलें म्हणून निभावलें. अखेर वक्रनलिकेचा उपाय केला. दहा सेंटिमीटर व्यासाचे नळ पाण्यानें भरून, दोन्ही तोंडें झांकून, पाळीवरून टाकले. बाहेरचें तोंड तलावाच्या पाण्याहून दीड मीटर खालीं ठेवून दोन्ही तोंडें उघडलीं. वातावरणाचा दाब पाणी पाळीवर चढवितो आणि बाहेरची उतरंड तें ओढून नेते. असा एक नळ सेकंदास सुमारें 15 लिटर पाणी देतो. दिवसरात्र चालला तर पांच एकरांस दोन बोटें पाणी सहज पुरतें. आम्हांला तीन नळ मिळाले. ज्यांचीं शेतें पाळीजवळ होतीं त्यांचें धान वांचलें. शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी पोंचेपर्यंत तेथील लोंब्या पोचट झाल्या होत्या. त्यांत माझ्या वर्गांतल्या दोन मुलांचें शेत होतें. उन्हाळ्यांत तलाव उतरल्यावर नवा नट बसविला गेला.

आतां भाच्याच्या झडपेकडे वळतों. आकार निराळा, पण तिलाहि पाण्याचा दाबच धरून ठेवतो. म्हणून प्रथम पंप बंद करावा. यंत्र हौदाच्या पातळीखालीं असेल तर येणाऱ्या व जाणाऱ्या नळांच्या तोट्याहि बंद कराव्या, नाहींतर झांकण काढतांच हौद तळघरांत उतरेल. मग हवा सोडण्याची तोटी उघडून दाबमापकाचा कांटा शून्यावर येऊं द्यावा. या झडपेची मूठ स्प्रिंगवर असते. ती पूर्ण खालीं दाबली म्हणजे आंतील चकती रबरी गादीवरून उचलली जाते, व तेव्हांच फिरवावयाची असते. एवढ्यानेंहि न फिरली तर मुठीला नळी घालून जोर करूं नये, मुठीची खीळ तुटते. झांकणावर व खालच्या भागावर जुळती खूण करून स्क्रू काढावे, गादीच्या घडींत वाळू शिरली आहे काय तें पाहावें, क्षाराचा थर असल्यास पातळ केलेल्या व्हिनेगरनें धुवावा. रबरी कड्यास सिलिकोनचें वंगण लावावें. मोटारीचें वंगण लावल्यास रबर फुगतें आणि पुढच्या खेपेस झडप अधिकच घट्ट बसते.

हें सारें मीं त्याला दूरध्वनीवर सांगितलें. चौथ्या दिवशीं त्याचा निरोप आला: गादीखालीं मोहरीहून लहान असा वाळूचा एक खडा निघाला, आणि मूठ आतां त्याची धाकटी मुलगीसुद्धां फिरविते.