लायकेन म्हणजे दोघांचा संसार की तिघांचा? १५० वर्षांच्या व्याख्येला धक्का देणारी बुरशी

गोडा मसाला करताना आपण जे दगडफूल भाजतो, ते फूलही नाही आणि वनस्पतीही नाही. ते लायकेन आहे. म्हणजे एक बुरशी आणि एक शैवाल यांचं एकत्र कुटुंब. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हापासून अन्न तयार करतं. १८६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी ही कल्पना मांडली आणि पुढे तीच पाठ्यपुस्तकांत पक्की झाली.

मग गोंधळ कुठे झाला?

उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलांत झाडांवर ब्रायोरिया नावाचं केसांसारखं लायकेन लोंबतं. त्याचा एक प्रकार तपकिरी असून तिथले आदिवासी तो शिजवून खातात. दुसरा पिवळसर असतो आणि त्यात व्हल्पिनिक आम्ल हे विष असतं. गंमत म्हणजे जनुकीय तपासणीत दोघांमधली बुरशीही तीच निघाली आणि शैवालही तेच. मग एक विषारी आणि दुसरं खाण्याजोगं, असं का?

उत्तर कुठे सापडलं?

टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध फक्त ओळखीच्या बुरशीपुरता न ठेवता सगळ्याच बुरशींच्या जनुकांपर्यंत वाढवला. तेव्हा लायकेनच्या सालीत आणखी एक बुरशी, एक यीस्ट, सापडली. पिवळ्या, विषारी प्रकारात ती जास्त होती. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतल्या लायकेनच्या ५२ वंशांत अशा यीस्ट आढळल्याचं त्यात म्हटलं होतं.

ही बुरशी कोण?

या यीस्टचं नातं सायफोबॅसिडियम या वंशाशी जुळलं. हा वंश शास्त्रज्ञांना माहीत होता, पण लायकेनवर जगणारी परजीवी बुरशी म्हणून. हायपोजिम्निया आणि उस्निया या लायकेनवर तिच्यामुळे गाठी येतात. म्हणजे बाहेरून आलेला उपद्रवी पाहुणा समजून जिच्याकडे बघितलं जात होतं, तिचे नातलग अनेक लायकेनच्या घरात आधीपासूनच राहत होते.

म्हणजे व्याख्या बदलली?

इतक्यात नाही. यीस्ट जास्त तिथे विष जास्त, हा संबंध दिसला. पण विष यीस्टमुळेच तयार होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय २०१९ मध्ये ३३९ प्रजातींच्या तपासणीत अशा यीस्ट मोजक्याच लायकेनमध्ये मिळाल्या. त्यामुळे तिसरा भागीदार प्रत्येक लायकेनमध्ये असतोच, असं म्हणता येत नाही.

जिथे ती आहे, तिथे ती घरची आहे, भाडेकरू आहे की चोर, हा प्रश्न मात्र आता उघडा आहे. २०१६ पर्यंत तो फारसा कोणी विचारतही नव्हतं.