केडगावची खिळेजुळणी

मराठीतले ‘सोसणे’ हे क्रियापद स्वतःच मोठे सोशीक आहे. उन्हापासून सासुरवासापर्यंत सारे आपण त्याच्या गळ्यात घालतो. पण नीट पाहिले तर सोसण्याचे दोन प्रकार दिसतात. अंगावर येईल ते खाली मान घालून घेणे हा एक. आणि अंगावर येईल ते घेत असताना हातातले काम खाली न ठेवणे हा दुसरा. पहिल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. दुसऱ्याचे उदाहरण विचाराल, तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन.

रमाबाईंचे पूर्वायुष्य म्हणजे वियोगांची यादीच. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने अन्नावाचून गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस.

१८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. पण कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात संतापाची लाट उठली. पण इंग्लंडातही त्यांचे सुखात चालले होते असे नाही. केवळ वडीलधाऱ्यांची आज्ञा म्हणून धर्ममत मान्य करायला त्या तयार नव्हत्या, आणि तेथल्या धर्मगुरूंना व जोगिणींना ही त्यांची बाणेदार वृत्ती पेलली नाही. आपल्यांना त्या परक्या झाल्या आणि परक्यांनाही पुरत्या आपल्या झाल्या नाहीत.

१८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन निघाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतील या भीतीने पालकांनी एकामागून एक मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. दुसरे कोणी असते तर गाशा गुंडाळून परदेशी गेले असते. रमाबाई राहिल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. तेच मुक्ति मिशन. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक बायामुली होत्या. इतक्यांचे दळण, पाणी, कपडे, आजारपण, ह्याचा हिशेब ज्या गृहिणींनी चार माणसांचे घर चालवले आहे, त्यांनीच मनाशी करून पाहावा!

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ते ह्यानंतरचे काम. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ह्या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणू लागल्या. मराठी बायबल तेव्हा नव्हते असे नाही. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा आपल्या खेड्यातल्या मुलींच्या तोंडात बसत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून ज्या संस्कृताने त्यांना ‘पंडिता’ केले, तेच त्यांनी आपल्या लेखणीतून वेचून काढायला घेतले. मी गेली अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते. जड शब्द लिहिणे किती सोपे आणि हाताशी आलेला जड शब्द परत ठेवणे किती कठीण, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला पुरते ठाऊक असते. कमावलेली विद्या मिरवण्याचा मोह रमाबाईंनी पंधराहून अधिक वर्षे, ओळीओळीला आवरला. हेही सोसणेच, फक्त ते डोळ्यांत भरत नाही.

छापखानाही केडगावातच होता. दुष्काळातून आलेल्या मुली तेथे खिळे जुळवीत, पाने छापीत. जिला कोणी अक्षर शिकवले नसते, तिच्या बोटांतून ग्रंथ उमटत होता.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईच्या कामाचा अर्धा भार उचलणारी, पुढे सारा उचलेल अशी आशा असलेली एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि शरीर थकले होते. तरीही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. हे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांची प्रार्थना होती, असे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. तो बांधलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही, आणि चर्चमध्येही पुढे रूढ राहिले ते बायबल सोसायटीचेच भाषांतर.

आपल्याकडे रमाबाईंचा गौरव करताना एक सोयीची रीत पडली आहे. शारदा सदनापर्यंतच्या रमाबाई ‘आपल्या’ म्हणून घ्यायच्या आणि केडगावच्या रमाबाई हळूच वगळायच्या. मी ख्रिस्ती नाही. पण ही काटछाट मला पटत नाही. हे बळ आपले नव्हे, ते देवाचे, असे त्या स्वतःच मानीत. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी पुण्यातली माणसे गमावली, तिच्याच आधारावर त्यांनी दीड हजार ताटे मांडली आणि लेक गेल्यावरही मुद्रिते तपासली. आधार काढून टाकायचा आणि इमारतीची तेवढी वाखाणणी करायची, हा कसला न्याय?

ती श्रद्धा आपली असो वा नसो, तिने काय पेलले हे मोकळ्या मनाने मान्य करायला आपला कुळाचार आड येण्याचे कारण नाही. केडगावचे मुक्ति मिशन आजही निराधार बायामुलांना आसरा देत आहे.