परसातील स्वेदगृह : काळी माती, परतीचा पाऊस आणि घामाची खोली

सोलापुरात घाम यावा म्हणून स्वतंत्र खोली बांधायची, हे ऐकून प्रथम हसूच येईल. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून जातो, दुपारी बाजारपेठेचे रस्ते ओस पडतात आणि गादीवर बसलेल्या माणसाला पंख्याखालीही घाम फुटतो. तरीही नव्या घराचा आराखडा निघाला, की परदेश पाहून आलेली मुले-सुना परसदारी 'सौना'साठी आठ फूट जागा मागतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी ती चैनीची बाब म्हणून बाजूला सारतात. या वादात दोन्ही पक्षांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. अशी खोली कोठे बांधावी, किती उंच बांधावी, आत कसे बसावे आणि बाहेर कसे यावे, याचे तपशीलवार विवेचन आपल्याच वैद्यकग्रंथांत फार पूर्वी होऊन गेले आहे.

सौना हा शब्द फिनलंडचा. त्या देशाची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख आणि सौनांची संख्या तीस लाखांच्या घरात सांगितली जाते. तेथील सौना-संस्कृतीची नोंद डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. लाकडाने मढवलेली लहान खोली, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर तापलेले दगड, आणि अधूनमधून त्या दगडांवर पळीभर पाणी. हवा ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापते, पण कोरडी असते म्हणून सोसवते. हॉटेलांतील बाष्पस्नानाची खोली निराळी. तेथे तापमान पंचेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि हवा वाफेने गच्च भरलेली असते. बांधकामाचा विचार करताना या दोहोंची गल्लत झाली, तर पुढचे सारेच चुकते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदाचा आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि त्यांतील 'जेंताक' हा प्रकार म्हणजे सरळसरळ इमारतीचा आराखडा आहे. वस्तीच्या पूर्वेला किंवा उत्तरेला चांगली भूमी पाहावी. माती काळी व गोड किंवा सोनेरी असावी. जवळ जलाशय असावा आणि त्याच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतर सोडून, पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख गोलाकार घर उभारावे. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतची लांबी, साधारण दीड फूट. घराची उंची व रुंदी जास्तीत जास्त सोळा अरत्नी. भिंती मातीने लिंपलेल्या, झरोके पुष्कळ. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झाकण असलेली मातीची भट्टी, आणि तीत खैरासारखी लाकडे. लाकडे पूर्ण पेटून धूर निघून गेला, की मगच अंगाला तेल लावलेल्या, वस्त्र पांघरलेल्या माणसाने आत जायचे.

या आराखड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भिंतीला लागून फिरणारा ओटा. तो एक अरत्नी रुंद, एक अरत्नी उंच आणि थेट दारापर्यंत नेलेला असावा असे चरक सांगतो. आत बसलेल्याला घामाने व उष्णतेने मूर्च्छा येऊ लागली, तरी त्याने ओटा सोडू नये. ओट्यावरून खाली उतरला तर त्याला दार सापडणार नाही, आणि ते जिवावर बेतेल. ओट्याच्या आधारानेच सरकत दाराशी यावे. ग्रंथकाराने हे कल्पनेने लिहिलेले नाही. कोणीतरी आत गुदमरलेला त्याने पाहिला असावा, असेच हा मजकूर वाचताना वाटते. आजच्या विद्युत सौनासाठीही नियम तोच आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, त्याला आतून कडी किंवा खिट्टी नको, आणि बाकापासून दारापर्यंतच्या वाटेत शेगडी येता कामा नये. चरकाने आणखी एक प्रकार दिला आहे, 'अश्मघन'. माणसाच्या लांबीची शिला लाकडांनी तापवायची, निखारे काढून टाकायचे, तिच्यावर गरम पाणी शिंपडायचे आणि अंथरूण घालून तिच्यावर निजायचे. तापल्या दगडावर पाणी टाकणाऱ्या फिनलंडच्या रीतीचे हे भावंडच म्हणावे लागेल.

सोलापूरच्या जैन समाजाला आयुर्वेद परका नाही. सेठ सखाराम नेमचंद यांच्या नावाचे जैन आयुर्वेदिक रुग्णालय आणि सेठ गोविंदजी रावजी यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय याच शहरात आहे. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा जैन वैद्यकग्रंथ, वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह, १९४० साली सखाराम नेमचंद ग्रंथमालेने सोलापुरातूनच प्रकाशित केला. औषधात मांसाचा उपयोग नसावा, ही बाजू उग्रादित्याचार्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात हिरिरीने मांडली. उपचार हवा, पण त्यासाठी दुसऱ्या जीवाची हानी नको, ही त्यांची अट होती. परसातील स्वेदगृहाला ती अट लावून पाहिली, की बांधकामाचे निम्मे प्रश्न नव्या रूपात समोर येतात.

पहिला प्रश्न मातीचा. चरकाने प्रशस्त ठरवलेली काळी माती सोलापूरकरांच्या पायाखाली भरपूर आहे, आणि स्थापत्य अभियंत्याला तिचाच सर्वांत धाक असतो. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेली फरशी दोन-तीन पावसाळ्यांत उचलली जाते, भिंत तडकते आणि दाराची चौकट अडकू लागते. घामाच्या खोलीचे दार अडकणे ही साधी गैरसोय नव्हे. म्हणून काळा थर काढून मुरुमापर्यंत जावे. दख्खनच्या पठारावर तो पुष्कळ ठिकाणी फार खोल नसतो. खड्डा मुरुमाने थराथराने ठोकून भरावा आणि जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट वर घ्यावे. जोत्याभोवती उतार दिलेली फरशी आणि नाली असली, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही.

दुसरा प्रश्न पावसाचा. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, म्हणून येथे पावसाची चिंता नको असे गवंडीही सांगतो. परंतु येथील पावसाची चाल कोकणासारखी नाही. आषाढ-श्रावण कोरडे जातात आणि भाद्रपदात, परतीच्या वाटेवर, एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडून जातो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने पंढरपूरपासून साऱ्या जिल्ह्याची काय अवस्था केली, ते लोक विसरलेले नाहीत. छपराला सर्व बाजूंनी दोन फुटांचे पाखे हवे आणि दार नैऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला किंवा उत्तरेला हवे. जेंताकाचीही तोंडे त्याच दोन दिशांना आहेत, हा योगायोग सुखावणारा आहे.

मात्र बाहेरच्या पावसापेक्षा आतली ओल अधिक घात करते. तापलेल्या खोलीतील बाष्प लाकडी फळ्यांमागे शिरते, थंड भिंतीवर त्याचे पाणी होते आणि ते तेथेच राहते. पावसाळी हवेत ते वाळत नाही. मग बुरशी धरते, लाकूड कुजते आणि वाळवी लागते. जैन घरात ही केवळ दुरुस्तीच्या खर्चाची गोष्ट उरत नाही. बुरशी अनंतकायिक मानलेली, आणि वाळवीवर औषध फवारणे म्हणजे हजारो त्रस जीवांचा जाणूनबुजून केलेला घात. चातुर्मासात, ज्या दिवसांत यतना सर्वांत अधिक पाळायची, नेमके त्याच दिवसांत हा प्रसंग येतो. जीव उत्पन्नच होणार नाहीत अशी रचना सुरुवातीला करणे, हाच येथे एकमेव निष्कलंक मार्ग आहे.

ती रचना अवघडही नाही. लाकडाचा एकही तुकडा जमिनीला टेकू देऊ नये. खाली दगडी किंवा फरशीची तळभूमी, तीही निचऱ्याकडे उतार असलेली. विटांच्या भिंतीच्या आत उष्णतारोधक खनिज लोकरीचा थर, त्यावर सांधे चिकटवून बंद केलेला अॅल्युमिनियमचा पत्रा-कागद, मग बोटभर हवेची पोकळी आणि शेवटी लाकडी फळ्या. बाष्प त्या कागदाशी थांबते आणि पोकळीतून वाळून जाते. शेगडीजवळ तळाशी हवा आत येण्याचे छिद्र आणि समोरच्या भिंतीत वर बाहेर जाण्याचे छिद्र ठेवावे. दोन्हींना बारीक जाळी, म्हणजे कीटक आत येऊन होरपळणार नाहीत. वापर झाल्यावर शेगडी आणखी दहा मिनिटे चालू ठेवावी, मग बंद करून दार उघडे टाकावे. पावसाळ्यात खोली वापरात नसली, तरी आठवड्यातून एकदा ती तापवून कोरडी करावी. इतके केले, तर फवारणीची वेळ सहसा येत नाही.

लाकूड हलके, बिनगाठीचे आणि राळ नसलेले निवडावे. जड लाकूड अंगाला चटका देते. प्लायवुड, रंग आणि पॉलिश आत मुळीच नको, कारण तापल्यावर त्यांचा दर्प श्वासात जातो. खिळ्यांची डोकी लाकडात बुडवलेली असावीत. दगड घट्ट, अग्निजन्य आणि कोरडे हवेत. नदीतून उचलून आणलेले गोटे पोटात पाणी धरून असतात आणि तापल्यावर फुटू शकतात. सहा फूट लांब, सहा फूट रुंद व सात फूट उंच खोलीला सहा किलोवॅटच्या आसपासची शेगडी पुरते. एवढी शेगडी एका फेजवर पंचवीस अँपिअरहून अधिक वीज ओढते, तेव्हा स्वतंत्र जोडणी, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये. महावितरणकडे मंजूर भार किती आहे, हेही आधी पाहावे. लाकडाच्या भट्टीपेक्षा विजेची शेगडी येथे बरी. सरपणात दडलेल्या किड्यामुंग्यांचा प्रश्न तिने सुटतो.

आता मुळातला प्रश्न. गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. प्रयोजनाशिवाय जमीन खणणे, अग्नी पेटवणे, पाणी सांडणे त्यात वर्ज्य ठरते. वर्षातून दोनदा पाहुण्यांना दाखवण्यासाठी बांधलेले स्वेदगृह याच सदरात पडेल. अशा खोल्यांत पुढे जुन्या चोपड्या आणि दिवाळीचे आकाशकंदील ठेवले जातात, हे वेगळे सांगायला नको. दिवसभर गादीवर बसून कंबर-गुडघे आखडलेली माणसे घरात असतील, वैद्याने स्वेद सुचवला असेल आणि दोन-तीन भावांची बिऱ्हाडे मिळून खोली वापरणार असतील, तर प्रयोजन आहे. एकट्याला कधीमधी लागणार असेल, तर रुग्णालयातील पेटीस्वेद किंवा नाडीस्वेद स्वस्त आणि अधिक सुरक्षित.

स्वेद सर्वांसाठी नाही, हे चरकानेही निःसंदिग्ध सांगितले आहे. गर्भवती, मधुमेही, रक्तपित्ताचा रोगी, अतिसार झालेला, दुर्बळ, थकलेला, तहानलेला, भुकेलेला, इतकेच काय संतापलेला आणि शोकग्रस्त माणूसही त्याने वगळला आहे. उपवासाच्या किंवा आयंबिलाच्या दिवशी सौना नको, हे यातूनच निघते. फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून अनेकदा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र ती माणसे लहानपणापासून सरावलेली होती, आणि निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. त्याच देशात २०१० च्या ऑगस्टमध्ये, एकशे दहा अंशांत कोण अधिक वेळ बसतो या स्पर्धेत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि ती स्पर्धा कायमची बंद पडली. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. घरातील आजोबांना एकटे तर कधीच बसवू नये. नवख्याला वरच्या बाकापेक्षा खालचा बाक बरा, आणि आठ-दहा मिनिटे पुष्कळ झाली.

बाकावर अंथरायला आणि अंग पुसायला जाड टॉवेल लागतो. त्यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी अंगावर घेऊ नये, घटकाभर विसावून कोमट पाण्याने स्नान करावे आणि मग जेवावे, असा चरकाचा क्रम आहे. फिनलंडची मंडळी बर्फाळ तळ्यात उडी घेतात. त्यांचे अनुकरण येथे नको.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो चौविहार पाळणाऱ्या घरांत सर्वांत अवघड. घामावाटे गेलेले पाणी पुढच्या दोन-तीन तासांत पोटात जायलाच हवे. खोली तापायला पाऊण तास, आत-बाहेर दोन फेऱ्या, विसावा, स्नान आणि भोजन, असे अडीच तास सहज जातात. पौषात सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दुकान तेव्हा ऐन गिऱ्हाइकीत असते. संध्याकाळी दुकान वाढवून आल्यावर सौना घेतला, तर रात्र तहानेने काढावी लागेल. अशा घरांनी बाजार बंद असलेल्या दिवसाची सकाळ ठरवावी : नवकारसीनंतर दूध किंवा पेज, तासाभराने स्वेद, आणि दुपारच्या जेवणापर्यंत थोडे थोडे करून लिटर-दीड लिटर उकळून निववलेले पाणी.