पोर्शे ९४४ मधील खडखड: निदानाचा क्रम

रचना

पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) या स्पोर्ट्‌स कारचे इंजिन पुढे, तर गिअरबॉक्स मागे डिफरन्शिअलला जोडून बसवलेला आहे. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखे पडावे, हा त्यामागचा हेतू. क्लच मात्र इंजिनापाशीच आहे. क्लचकडून गिअरबॉक्सकडे जाणारा लांब, सडपातळ शाफ्ट टॉर्क ट्यूब नावाच्या बंद नळीत बेअरिंगांच्या आधाराने फिरतो. ही नळी दोन्ही टोकांना बोल्टने घट्ट आवळलेली असल्याने मागचा आवाज पुढे आणि पुढचा मागे सहज पोहोचतो. म्हणून आवाज कोठे ऐकू येतो यापेक्षा तो केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो, हा पुरावा अधिक भरवशाचा.

क्लच-पेडलची चाचणी

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर. पेडल मोकळे असताना टॉर्क ट्यूबमधील शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाच्या गतीने फिरतात; पेडल पूर्ण दाबल्यावर काही क्षणांत दोन्ही थांबतात. त्याबरोबर आवाजही थांबला, तर ट्यूबची बेअरिंगे, इनपुट शाफ्टची बेअरिंगे किंवा गिअरचे दाते संशयाच्या कक्षेत येतात. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग किंवा क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंग पाहावे. पायलट बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांच्या गतीत फरक पडतो तो याच अवस्थेत. पेडलने काहीच बदलत नसेल, तर एक्झॉस्टवरील हीट शील्डचे सैल पत्रे आधी हलवून बघावेत. हा संशयित इतका क्षुल्लक वाटतो की तो तपासायचाच राहून जातो.

आयडलवरील खुळखुळ

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला ३० धक्के. क्रँकची गती त्यामुळे सतत किंचित वाढते आणि घटते. न्यूट्रलमध्ये गिअरच्या जोड्यांवर भार नसतो, आणि दात्यांमधील मोकळ्या जागेत ते एकमेकांवर आपटत राहतात. ९४४ चे बॅलन्स शाफ्ट प्रसिद्ध आहेत, परंतु ते इंजिनाची थरथर कमी करतात; फिरण्यातील हा असमानपणा त्यांच्याने मिटत नाही. तो शोषण्यासाठी मूळ क्लचप्लेटच्या मध्यभागी जाड रबर होते. वयोमानाने ते तडकते. त्याऐवजी स्प्रिंगची प्लेट बसवल्यास टिकाऊपणा येतो, पण आयडलवरची खुळखुळ वाढू शकते. हा बिघाड नव्हे, निवडीचा परिणाम होय. तेल तापून पातळ झाल्यावर ती अधिक ऐकू येते आणि इंजिनाची गती थोडी वाढवली की बहुधा विरते. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज असा नाहीसा होत नाही. गतीबरोबर त्याचा स्वर चढतो.

भार बदलताना ठोका

अ‍ॅक्सिलरेटर सोडताना किंवा पुन्हा दाबताना एकच ‘ठक्’ येत असेल, तर साखळीत कोठेतरी ढिलाई आहे: तुटलेले रबर, सैल माउंटिंग, शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांमधील कपलिंग किंवा मागच्या चाकांकडे जाणारे सीव्ही जॉइंट. सुरुवात सीव्ही जॉइंटच्या बोल्टपासून करावी. ते सैल होतात आणि तपासणीला खर्च जवळजवळ नसतो. वळणावर कटकट ऐकण्याची ओळखीची चाचणी येथे फारशी उपयोगी नाही, कारण ही चाके वळवली जात नाहीत.

वेगाशी बांधलेली घरघर

क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत असतानाही घरघर टिकली, तर इंजिन आणि क्लच सुटले; चाकांची बेअरिंगे आणि डिफरन्शिअल उरतात.

मर्यादा

नळी बंद असल्यामुळे स्टेथोस्कोपने आतील नेमके कोणते बेअरिंग झिजले, हे खात्रीने सांगता येत नाही. क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्स उतरवून टॉर्क ट्यूब मागे सरकवावी लागते. मजुरीचा मोठा भाग या उघडण्यातच जातो. त्यामुळे गाडी एकदा उघडली की रिलीज व पायलट बेअरिंगे सहसा तेव्हाच बदलतात, आणि ट्यूबमधील शाफ्ट हाताने फिरवून तो खरखरतो का, हे पाहिले जाते.