रुग्णशुश्रूषा : रूढि आणि प्रमाण

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेंत शय्याव्रणाइतकें कष्टदायक संकट क्वचितच दुसरें असेल. माकडहाड, खुबा किंवा टांच यांवरील त्वचा हाड आणि बिछाना यांच्यामध्यें दीर्घकाळ दाबली गेली, म्हणजे तेथील रक्तप्रवाह खुंटतो, मांस मरतें आणि जखम पडते. ती टाळण्यासाठीं परिचारिका कैक वर्षें रुग्णाची पाठ स्पिरिटनें चोळीत व वर पावडर लावीत. इंग्लंडांत ही रीत होती, तशीच ती भारतांतील रुग्णालयांतहि होती. थोरलीनें शिकवावें, धाकटीनें गिरवावें. त्यानें खरोखर गुण येतो काय, हें मोजून पाहण्याची गरज क्वचितच कोणास भासली.

ती मोजणी लंडनमध्यें डोरीन नॉर्टन या परिचारिकेनें दोन सहकाऱ्यांसह केली. त्यांचें संशोधन १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. वृद्ध रुग्णांच्या निरीक्षणांत असें आढळलें कीं, त्वचेस काय लावलें यापेक्षां तिच्यावरील दाब किती वेळां हलविला, यालाच महत्त्व आहे. शरीराची प्रकृति, मनाची सावधता, हिंडणेंफिरणें, अंग हलविण्याची शक्ति आणि मलमूत्रावरील ताबा या पांच गोष्टींस प्रत्येकीं १ ते ४ गुण देण्याची पद्धतिहि त्यांनीं बसविली. २० पैकीं १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, तर रुग्णास व्रणाचा धोका आहे असें समजावें. लाल झालेली जागा जोरानें चोळल्यास आंतील पेशींस इजा होते, हेंहि आतां मान्य झालें आहे.

प्रमाणाधिष्ठित शुश्रूषा शिकावयाची ती याच वाटेनें. प्रथम प्रश्न नेमका हवा. ‘गादी कोणती चांगली?’ हा प्रश्न मोघम झाला. ‘खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धेस साध्या गादीऐवजीं हवेची गादी दिली, तर व्रण कमी पडतात काय?’ याचें उत्तर मात्र शोधतां येतें. मग प्रसिद्ध झालेले प्रयोग पारखावे. रुग्णांची दोन गटांत वांटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निःपक्षपातानें झाली होती काय? मध्येंच गळालेल्यांचा हिशेब दिला आहे काय? उपाय योजल्यावर आपल्या वॉर्डांतील परिणामहि नोंदवून ठेवावे. ‘असें कां?’ म्हणून वडीलधाऱ्या परिचारिकेस विचारणें नवशिकीस जड जातें; पण तो प्रश्न न विचारल्यास भोगणें रुग्णाच्या वांट्यास येतें.

तथापि प्रमाण म्हणजे केवळ छापील निबंध नव्हे. उत्तम पुरावा, उपचार करणाराचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांचा मेळ बसला पाहिजे, असें डॉ. डेव्हिड सॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं वैद्यकासंबंधानें स्पष्ट केलें. शुश्रूषेसहि तें लागू पडतें. दर दोन तासांनीं कूस बदलण्याचा हितकर नियमसुद्धां कित्येक वॉर्डांत केवळ घड्याळाकडे पाहून पाळला जाऊं लागला. हा अवधि रुग्णाची त्वचा, त्याची गादी आणि त्याची झोंप पाहून ठरवावा, असें आतां सांगितलें जातें. ज्या वृद्धेस मध्यरात्रीं हलवावयाचें, तिची टांच आधीं पाहावी, तिला विचारावें, आणि मगच तिच्या अंगास हात लावावा.