चेंडूला वाट दाखवणारी जमीन

क्रिकेटचे मैदान सपाट हवे. पण उंचवटे, खळगे आणि वाळूचे खड्डे मुद्दाम राखलेले मैदान तुम्ही पाहिले आहे का? ते गोल्फचे मैदान. त्यात सहसा १८ टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी १०८ मिलिमीटर व्यासाचे भोक असते. सुमारे ४६ ग्रॅमचा चेंडू कमीत कमी टोल्यांत त्यात घालायचा.

अशी मैदाने आखणाऱ्यांत पीटर थॉमसन यांचे नाव मोठे. त्यांचा जन्म १९२९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झाला. १९५४ ते १९६५ या काळात त्यांनी ब्रिटिश ओपन स्पर्धा पाच वेळा जिंकली. १९६४ ची पहिली इंडियन ओपनही त्यांचीच. पुढे ते रचनाकार झाले. दिल्ली गोल्फ क्लब आणि मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब यांच्या मैदानांची त्यांनी फेररचना केली. २०१८ साली ते निवर्तले.

ब्रिटनच्या समुद्रकाठचा गोल्फ त्यांना प्रिय होता. तेथील वालुकामय जमिनीत पाणी चटकन झिरपते, जमीन टणक राहते आणि चेंडू पडल्यावरही दूर घरंगळतो. तो कोणत्या उतारावरून कोठे वळेल, हे खेळाडूने ताडायचे. भरपूर पाणी देऊन मऊ केलेल्या हिरवळीपेक्षा, डोके चालवायला लावणारी जमीन त्यांना मोलाची वाटे.

हाच विचार यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या शिवारात लावून पाहा. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात चेंडू रुतेल, उन्हाळ्यात भेगेत अडकेल! मग उपाय काय? भोकाभोवतीच्या हिरवळीखाली निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर देतात. वाळूच्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने मुळांपुरते पाणी धरून ठेवतात. जास्तीचे पाणी खडीतून वाहून जाते.

उन्हाळ्यात विहिरी आटतात तेथे हिरवळीला पाणी का द्यावे, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कमी पाण्यावर भागणारे मैदान हा केवळ खेळाचा विचार नाही.

आता हा प्रयोग करा. तळाला भोके पाडलेले दोन सारखे डबे घ्या. एकात कुटलेली काळी माती, दुसऱ्यात वाळू तेवढ्याच उंचीपर्यंत भरा. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता. कोठून किती पाणी, किती वेळात खाली आले ते लिहून ठेवा. मग पावसानंतर शाळेच्या मैदानात पाणी कोठे साचते, त्याचा नकाशा काढा. मैदान आखणाऱ्याचे काम नेमके येथूनच सुरू होते.