तर्री बिनधास्त, पण झडप बंदोबस्तात!

सकाळी तर्री-पोहे, दुपारी पातोडीचा रस्सा, संध्याकाळी अमरावतीचा गिलावडा... आणि रात्री अकराला छातीत जाळ! लगेच सगळे मिरचीच्या नावानं शंख करतात. थांबा जरा, खरा आरोपी वेगळाच आहे.

माहीत आहे का? आपली अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. तिच्या तळाशी स्नायूंची एक झडप असते. घास आला की उघडते, गेला की मिटते. ती सैल पडली की पोटातलं ॲसिड वर उसळतं. जठराला आतून चिकट, जाड संरक्षण असतं. अन्ननलिकेला तसं नाही. म्हणजे पुष्कळदा ॲसिड जास्त झालेलंच नसतं, ते फक्त भलत्याच मजल्यावर पोचलेलं असतं!

झडप सैल करतं कोण? ठासून भरलेलं पोट. आणि तेल-तूप, कारण स्निग्ध जेवण पोटात रेंगाळतं. बहिरमच्या यात्रेतले तुपात न्हालेले रोडगे, हंडीतलं मटण, वर ‘अजून एक घ्या ना भाऊ!’ हा आग्रह... जेवण जबरदस्त, पण झडपेचं काम तमाम.

आता तर्रीकडे नीट बघा. वाटीवर लालभडक थर तरंगतोय ना? ते नुसतं तिखट नाही, ते तेल आहे. चमच्यानं तो थर अलगद बाजूला सारा, खालचा रस्सा पोह्यांवर घ्या. तेल कमी, रश्श्याची मजा कायम. वऱ्हाडी माणसाला तर्री सोडायला सांगणं मला मंजूर नाही!

मिरची मात्र काहींना खरंच झोंबते. का, माहीत आहे का? शरीरातला जो सेन्सर साधारण ४३ अंशांच्या उष्णतेला जागा होतो, तोच मिरचीनंही जागा होतो. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. ४३ अंश? अकोल्याचा मे महिना तर त्याच्याही वर जातो!

वरुड-मोर्शीची संत्री, चिखलदऱ्याची कॉफी ही आपली शान. पण रिकाम्या पोटी दोन्ही अनेकांना बाधतात. आणि जेवणानंतरचं पुदिन्याचं गारेगार पान? जिभेला थंडावा, पण पेपरमिंटनं झडप आणखी ढिली!

तंबाखू-सुपारीचा खर्रा तर थेट खलनायक. निकोटिननं झडप सैल होते. लाळ हे ॲसिड धुऊन काढणारं फुकटचं औषध, आणि खर्रेवाला नेमकं तेच थुंकून टाकतो. खर्रा सोडाच. कॅन्सर टाळण्यासाठी आणि छातीतल्या जळजळीसाठीही.

अंतराळवीर ढेकर देताना जपतात, माहीत आहे का? तिथं वजन जाणवत नाही, त्यामुळे गॅसबरोबर पोटातलं पाणीही वर येतं. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं आहे, तर त्याचा फायदा घ्या की!

उन्हाळ्यात जेवलं की कूलरपुढं आडवं व्हायचं, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. तो थोडा मोडा. दुपारी आरामखुर्ची, रात्री जेवण आणि झोप यांत तीन तास. सूर्यास्ताआधी जेवणारी जैन मंडळी हे पिढ्यान्‌पिढ्या करतात.

झोपताना डाव्या कुशीवर. मग जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांच्या विटा ठेवा. उशांची चळत नको, तिनं पोट दुमडतं.

जेवणानंतर अर्धा तास च्युइंगम (पुदिन्याचं सोडून!) चघळलं की लाळ वाढते. पट्टा, नाडी सैल सोडा. थंड दुधाचा आराम घटकाभराचा. खायच्या सोड्यानं ढेकर येतो, पण बीपीवाल्यांनो, त्यात सोडियम भरपूर!

१९१४ पासून अमरावतीकरांना घाम गाळायला लावणारं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवतं ना? पोटाचा घेर उतरला की झडपेवरचा दाब उतरतो. फक्त जेवल्या जेवल्या जोर-बैठका नकोत. आणि मस्त गोष्ट म्हणजे श्वासपटल या झडपेला बाहेरून आवळून धरतं! पोटानं श्वास घेण्याचा नियमित सराव करणाऱ्यांची जळजळ कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय.

आता दोन मिनिटं गंभीर. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी मनानं बंद करू नका. गिळताना अडकणं, शौचाला काळं होणं, उगाच घटणारं वजन किंवा आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ असेल, तर तपासून घ्या. आणि छातीत दाब, दरदरून घाम, कळ हातात किंवा जबड्यात? तेव्हा सोडा ढवळत बसू नका, थेट रुग्णवाहिकेचा १०८ लावा.